अमेरिकेत लहान मुलांना शिकारीतली सुरक्षा कोण शिकवतं? बिनपगारी प्रशिक्षकांची ही व्यवस्था नेमकी चालते कशी?

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांमध्ये शिकारीचा परवाना हवा असेल तर आधी सुरक्षेचा कोर्स पास व्हावा लागतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही तो करता येतो. हा कोर्स शिकवणारे बहुतांश लोक सरकारी नोकर नसतात, तर आपला वेळ फुकट देणारे स्थानिक स्वयंसेवक असतात. ते काय शिकवतात, त्यांच्या वेळेची सरकार दरबारी काय किंमत आहे आणि या शिक्षणाला मर्यादा कुठे येते, हे समजून घेऊया.

मैदानात दोन खांबांना तारा ताणून एक खोटं कुंपण उभं केलेलं असतं. अलीकडे बारा वर्षांची मुलगी उभी आहे. तिच्या हातात बंदूक आहे, पण ती निकामी केलेली. तिला एवढंच करायचं आहे की, शिकारीला निघाल्यासारखं हे कुंपण ओलांडून पलीकडे जायचं.

मुलगी बंदूक एका हातात धरते आणि दुसऱ्या हाताने तार खाली दाबून पाय टाकते. प्रशिक्षक तिला तिथेच थांबवतो. बंदूक रिकामी आहे का, हे तिने तपासलेलं नाही. नळी कुठे रोखली गेली आहे, याकडे तिचं लक्ष नाही. खरी बंदूक असती आणि पाय अडकून ती पडली असती, तर?

बरोबर पद्धत अशी आहे. आधी बंदुकीतली काडतुसं काढायची. ती उघडी ठेवून रिकामी असल्याची खात्री करायची. मग नळी आपल्यापासून आणि इतरांपासून लांब राहील अशा बेताने ती कुंपणाखालून पलीकडे सरकवायची आणि आपण थोडं बाजूला जाऊन कुंपण ओलांडायचं. सोबत कुणी असेल तर एकाने दोन्ही रिकाम्या बंदुका सांभाळायच्या आणि दुसऱ्याने आधी पलीकडे जायचं.

अशा परीक्षा अमेरिकेत गावागावांतल्या शाळा, नेमबाजी क्लब आणि अग्निशमन केंद्रांच्या आवारात होत असतात. मुलगी किंवा मुलगा पास की नापास, हे तिथे उभा असलेला स्वयंसेवक ठरवतो.

हा कोर्स सुरू कधी झाला?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शिकारीला जाणाऱ्यांची संख्या वाढली आणि त्यासोबत अपघातही वाढले. केंटकी राज्याने १९४६ मध्ये मुलांच्या शिबिरांतून शिकारीचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. १९४९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने असं प्रशिक्षण कायद्याने बंधनकारक केलं. असं करणारं ते पहिलं राज्य होतं. पुढे एकेक करत इतर राज्यांनीही तोच मार्ग धरला.

अमेरिकेत शिकारीचे नियम प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. त्यामुळे कोर्स कुणाला लागतो, याचं उत्तर राज्यागणिक बदलतं. बहुतेक ठिकाणी जन्मतारखेची एक सीमारेषा असते. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कोर्स बंधनकारक आहे. विस्कॉन्सिनमध्ये ही तारीख १ जानेवारी १९७३ आहे, तर कोलोरॅडोमध्ये १ जानेवारी १९४९. त्याआधी जन्मलेल्यांना सूट असते.

मुलांचं किमान वयही वेगवेगळं आहे. टेक्सासमध्ये नवव्या वर्षी प्रमाणपत्र मिळू शकतं. मिनेसोटात अकराव्या वर्षी कोर्सला बसता येतं, पण प्रमाणपत्र लागू होतं बाराव्या वर्षापासून. पेनसिल्व्हेनियातही कोर्ससाठी किमान वय अकरा आहे.

स्वयंसेवक प्रशिक्षक कसं होता येतं?

राज्याच्या वन्यजीव किंवा नैसर्गिक संसाधन विभागाकडे अर्ज करावा लागतो. साधारण अटी अशा असतात: वय किमान १८, स्वतः कोर्स पास केलेला असणं आणि पार्श्वभूमी तपासणीत काही आक्षेपार्ह न सापडणं. मुलांसोबत काम असल्यामुळे या तपासणीत सवलत मिळत नाही. त्यानंतर प्रशिक्षकांसाठीची कार्यशाळा करायची आणि अनुभवी प्रशिक्षकाच्या हाताखाली एक-दोन कोर्समध्ये मदतनीस म्हणून उभं राहायचं.

या कामासाठी पुढे येणारे लोक साधारणपणे त्याच गावातले असतात. निवृत्त शिक्षक, शेतकरी, पोलीस, कारखान्यात काम करणारे, परिचारिका. अनेकांची सुरुवात स्वतःच्या मुलाला कोर्सला सोडायला आल्यावर होते. शिकवायला माणूस कमी आहे हे तिथे कळतं आणि पुढच्या वर्षी तेच पालक फळ्यापुढे उभे असतात.

कोर्सची फी नाममात्र असते, काही राज्यांत तर तो मोफतच असतो. प्रशिक्षकाला पगार मिळत नाही. पुस्तकं, निकामी बंदुका आणि नकली काडतुसं राज्याकडून येतात. वेळ, स्वतःची गाडी आणि संयम हे मात्र ज्याचं त्याने आणायचं.

फुकट दिलेल्या तासाची किंमत कशी ठरते?

हा या व्यवस्थेतला सगळ्यात कमी माहीत असलेला भाग आहे. १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी पिटमन-रॉबर्टसन कायद्यावर सही केली. रायफल, शॉटगन आणि काडतुसांवरचा ११ टक्के केंद्रीय कर या कायद्यामुळे वन्यजीव संवर्धनासाठी राखला गेला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यात दुरुस्त्या झाल्या. पिस्तुलांवरचा १० टक्के कर आणि धनुष्यबाणांवरचा कर त्यात आला आणि या पैशांचा काही भाग शिकारीच्या सुरक्षा शिक्षणावर खर्च करायची मुभा राज्यांना मिळाली.

हे पैसे मिळवण्यासाठी राज्याला आपला वाटा घालावा लागतो. खर्चाचे ७५ टक्क्यांपर्यंत पैसे केंद्राकडून मिळतात, उरलेले २५ टक्के राज्याने उभे करायचे. हा वाटा रोख रकमेतच असला पाहिजे असं नाही. स्वयंसेवकांनी दिलेल्या तासांचं मोल ठरवून ते राज्याचा वाटा म्हणून दाखवता येतं.

उदाहरण घेऊ. एखाद्या गावातल्या प्रशिक्षकांनी मिळून दिलेल्या वेळेची किंमत १०० डॉलर धरली, तर तिच्या जोरावर राज्याला केंद्राकडून ३०० डॉलरपर्यंत निधी मिळू शकतो. म्हणूनच प्रशिक्षकांना प्रत्येक कोर्सनंतर किती तास शिकवलं आणि किती किलोमीटर गाडी चालवली, याचा तक्ता भरून सही करून द्यावा लागतो. हा तक्ता भरायचा अनेकांना कंटाळा येतो, पण तो राहिला तर पुढच्या वर्षीच्या पुस्तकांचे पैसे बुडू शकतात.

मुलांना नेमकं काय शिकवलं जातं?

पाया चार नियमांचा असतो. शब्द राज्यागणिक थोडे बदलतात, आशय तोच राहतो:

• प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजून हाताळायची.
• नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवायची.
• लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करायची.
• गोळी झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही.

वर्गात खरी काडतुसं आणायला बंदी असते. तरीही निकामी बंदूक उचलताना मुलांनी दर वेळी ती उघडून आत डोकावलंच पाहिजे. शेजारच्याने नुकतीच तपासून दिली असली तरी पुन्हा. पहिल्या दिवशी मुलांना हे हास्यास्पद वाटतं. शेवटच्या दिवसापर्यंत हात आपोआप तिकडे जायला लागतो आणि प्रशिक्षकाला तेच हवं असतं.

तिसरा नियम समजावताना प्रशिक्षक अंतराचं उदाहरण देतात. लहानशा २२ कॅलिबरच्या रायफलची गोळीसुद्धा दीड किलोमीटरहून लांब जाऊ शकते. म्हणजे टेकडीच्या माथ्यावर, मोकळ्या आकाशापुढे उभ्या असलेल्या हरणावर नेम धरला आणि चुकला, तर ती गोळी पलीकडे कुणाच्या अंगणात पडेल हे सांगता येत नाही. झुडपात काय हललं हे पाहायला बंदुकीवरची दुर्बीण वापरायची नाही, साधी दुर्बीण वापरायची, हा नियमही यातूनच येतो. बंदुकीच्या दुर्बिणीतून पाहायचं म्हणजे जे दिसेल त्याच्यावर नळी रोखायची. समोर माणूस असेल तर?

आणखी एक धडा जुने प्रशिक्षक हमखास घेतात. शॉटगनची काडतुसं वेगवेगळ्या मापांची असतात. २० गेजचं काडतूस १२ गेजपेक्षा बारीक असतं. घाईत ते १२ गेजच्या बंदुकीत घातलं तर आत घसरून नळीत अडकतं. बंदूक रिकामी आहे असं वाटून माणूस वर १२ गेजचं काडतूस भरतो, चाप ओढतो आणि नळी हातातच फुटते. ही गफलत टळावी म्हणून २० गेजची काडतुसं पिवळ्या रंगाची बनवतात. खिशात दोन मापांची काडतुसं कधीच एकत्र ठेवायची नाहीत, हे मुलांकडून पाठ करून घेतात.

मचाणाचाही धडा असतो. हरणाची शिकार करणारे अनेकजण झाडावर मचाण बांधून बसतात आणि तिथून पडून जायबंदी होण्याचं प्रमाण मोठं आहे. म्हणून मुलांना सांगतात की, अंगभर पट्टा बांधल्याशिवाय चढायचं नाही, चढताना दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले हवेत आणि बंदूक खांद्याला लटकवून न्यायची नाही. आपण वर पोहोचल्यावर रिकामी बंदूक दोरीने ओढून घ्यायची.

याखेरीज शिकारीचे हंगाम, परवाने, प्राण्यांची ओळख, जमीनमालकाची परवानगी, जखमी प्राण्याचा माग काढण्याची जबाबदारी आणि प्रथमोपचार हेही विषय असतात. गोळी झाडू नये अशी परिस्थिती ओळखणं हा यातला मोठा भाग. प्रशिक्षक चित्रं दाखवतात आणि मुलांनी ‘झाडेन’ किंवा ‘झाडणार नाही’ असं कारणासह सांगायचं असतं.

अनुभवी माणसांना याची गरज नसते का?

याचं सगळ्यात गाजलेलं उत्तर ११ फेब्रुवारी २००६ रोजी टेक्सासमध्ये मिळालं. अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष डिक चेनी मित्रमंडळींसोबत लावे पक्ष्यांच्या शिकारीला गेले होते. सोबतचे ७८ वर्षांचे वकील हॅरी व्हिटिंग्टन आपण पाडलेला पक्षी शोधायला मागे गेले होते आणि परत येत होते. चेनी उडणाऱ्या पक्ष्याच्या मागे बंदूक फिरवत वळले आणि त्यांनी चाप ओढला. छर्रे व्हिटिंग्टन यांच्या चेहऱ्यात, मानेत आणि छातीत घुसले. ते वाचले, पण रुग्णालयात त्यांना हृदयविकाराचा सौम्य झटका आला.

कोर्समध्ये यावर एक संपूर्ण धडा असतो. तीन शिकारी एका रांगेत चालत असतील तर प्रत्येकाने फक्त आपल्यासमोरच्या ठरलेल्या पट्ट्यातच गोळी झाडायची. पक्षी त्या पट्ट्याबाहेर गेला तर सोडून द्यायचा. सोबतचा माणूस कुठे आहे हे माहीत नसेल तर बंदूक उचलायचीच नाही. चेनी यांचा जन्म १९४१ चा. टेक्सासच्या जन्मतारखेच्या अटीनुसार त्यांना हा कोर्स बंधनकारक नव्हता.

या शिक्षणाने अपघात खरंच कमी झाले का?

विस्कॉन्सिनचं उदाहरण वारंवार दिलं जातं. तिथे १९६६ मध्ये दर एक लाख शिकाऱ्यांमागे ४४ जण जखमी होत होते. १९६७ मध्ये राज्याने प्रशिक्षण सुरू केलं. त्यानंतरच्या दशकांत हे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटलं.

याचं सगळं श्रेय मात्र कोर्सला देता येणार नाही. १९८० पासून तिथे बंदुकीने हरणाची शिकार करताना भडक केशरी रंगाचे कपडे घालणं बंधनकारक झालं. झाडीत माणूस लांबून दिसू लागला तर अपघात टळणारच. प्रशिक्षण आणि केशरी रंग या दोन्हींचा मिळून हा परिणाम आहे, असं मानणं जास्त योग्य ठरेल.

मग टीका कशावर होते?

पहिला मुद्दा वयाचा आहे. अनेक राज्यांनी कोर्सआधीच ‘शिकाऊ’ परवान्यावर शिकारीला जायची सोय केली आहे. विस्कॉन्सिनने २०१७ मध्ये मोठ्यांच्या देखरेखीखाली शिकार करण्यासाठीची किमान दहा वर्षांची अटच काढून टाकली. अशा शिकारीत मार्गदर्शक मुलाच्या हाताच्या अंतरावर असावा लागतो. तरीही इतक्या लहान वयात बंदूक हातात का द्यायची, हा प्रश्न राहतोच.

दुसरा मुद्दा ऑनलाइन कोर्सचा. बहुतेक राज्यांत आता पुस्तकी भाग मोबाइलवरही पूर्ण करता येतो. अनेक राज्ये मुलांसाठी त्यानंतर एक दिवस मैदानात हजर राहणं बंधनकारक ठेवतात. कारण स्पष्ट आहे. ‘कुंपण कसं ओलांडाल?’ या प्रश्नाचा बरोबर पर्याय पडद्यावर कुणीही निवडेल. हातात बंदूक असताना आणि मागे मित्र हसत असताना तोच मुलगा काय करतो, हे समोर उभ्या माणसालाच दिसतं.

नापास करायचा अधिकार इथे महत्त्वाचा ठरतो. लेखी परीक्षेत चांगले गुण मिळवूनही वारंवार नळी दुसऱ्याकडे वळवणाऱ्या मुलाला प्रशिक्षक प्रमाणपत्र नाकारू शकतो. लहान गावात हे सोपं नसतं. मुलाचे वडील ओळखीचे असतात, हंगाम तोंडावर आलेला असतो, आजोबांनी बंदूक भेट देऊन ठेवलेली असते. अशा वेळी ‘पुढच्या वेळी ये, अजून तयार नाहीस’ असं सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वडिलांना दुकानात भेटायचं. या कामात पगार नाही आणि वाईटपणा मात्र पदरात येतो.

तिसरा मुद्दा सगळ्यात गंभीर आहे. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वयोगटातल्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण बंदूक हे आहे. त्यातले बहुतेक मृत्यू हत्या आणि आत्महत्यांचे असतात, शिकारीतल्या अपघातांचा वाटा अगदी छोटा असतो. म्हणजे हा कोर्स ज्या धोक्यापासून वाचवतो, तो एकूण संकटाचा लहानसा तुकडा आहे.

शिवाय शिकवलं म्हणून मूल तसंच वागेल, असंही नाही. २००१ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांना दोन-तीनच्या गटात एका खोलीत सोडलं होतं आणि तिथल्या ड्रॉवरमध्ये खरं, पण गोळी झाडता येणार नाही असं पिस्तूल ठेवलं होतं. २९ पैकी २१ गटांना ते सापडलं. १६ गटांनी ते हाताळलं आणि १० गटांतल्या कुणी ना कुणी चाप ओढला. पिस्तूल हाताळणाऱ्या किंवा चाप ओढणाऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी आपल्याला बंदुकीच्या सुरक्षेबद्दल आधी काही ना काही शिकवलं गेल्याचं सांगितलं होतं.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणूनच मुलांच्या समजूतदारपणावर विसंबून राहू नका, असं सांगते. घरातली बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी आणि गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवाव्यात, हा तिचा सल्ला आहे. कोर्समध्येही हा नियम असतो. मात्र मैदानात मुलाकडे पाहणारा स्वयंसेवक त्याच्या घरच्या कपाटापर्यंत पोहोचू शकत नाही. ते काम आईवडिलांचंच राहतं.

राजकारण्यांचं यावर काय म्हणणं आहे?

बंदुकीच्या प्रश्नावर अमेरिकेतले दोन पक्ष कशावरच एकत्र येत नाहीत, असं चित्र असतं. हा विषय त्याला अपवाद ठरला. २०२२ च्या बंदूक सुरक्षा कायद्यातल्या एका कलमाचा अर्थ लावताना, शाळांतल्या शिकार शिक्षण आणि धनुर्विद्येच्या वर्गांना ठराविक केंद्रीय निधी देता येणार नाही, अशी भूमिका शिक्षण विभागाने घेतली. त्यावर दोन्ही बाजूंनी ओरड झाली. निधी पुन्हा खुला करणारं विधेयक प्रतिनिधीगृहात ४२४ विरुद्ध १ मतांनी मंजूर झालं आणि ६ ऑक्टोबर २०२३ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी त्यावर सही केली.

भारतात आणि तिथल्या मराठी कुटुंबांसाठी याचा अर्थ काय?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे असा कोर्स असण्याचा प्रश्न येत नाही. शस्त्र परवान्यासाठीही किमान वय २१ आहे. आपल्याकडे मुलांचा रायफलशी संबंध येतो तो एनसीसी किंवा नेमबाजीच्या रेंजवर. ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेल्या अंजली भागवत यांची सुरुवातही एनसीसीतूनच झाली. रेंजवरही पहिला धडा तोच असतो. नळी लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांशी मात्र हा विषय थेट जोडलेला आहे. घरात कुणी कधी बंदूक हातात घेतली नसली तरी मुलांच्या वर्गमित्रांच्या घरी ती असू शकते. मूल खेळायला दुसऱ्याच्या घरी जाणार असेल तर ‘तुमच्याकडे बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का’ हे आधी विचारावं, असं तिथले बालरोगतज्ज्ञ पालकांना सुचवतात. आपल्या लोकांना असं विचारणं संकोचाचं वाटतं. पण मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आपण ते न लाजता सांगतोच. हा प्रश्नही तितक्याच सहजपणे विचारायला हरकत नाही.